येतं ते जर्मनमधून शिक

ताई, नमस्कार.
मी सिव्हिल इंजिनीअर, वय ३१. भारतात सहा वर्षं साइटवर काम केलं, शेवटची दोन वर्षं बिलिंग. दीड वर्षापूर्वी नवऱ्याच्या ब्लू कार्डमुळे, म्हणजे उच्चशिक्षितांच्या कामाच्या परवान्यामुळे, आम्ही जर्मनीत श्टुटगार्टजवळ आलो. मुलगा चार वर्षांचा आहे, किटामध्ये, म्हणजे इथल्या बालवाडीत, जातो आणि आता माझे डेअर-डी-डास, म्हणजे जर्मन नामांची लिंगं, सुधारतो. माझं जर्मनचं ए२ झालंय, ए१ ते सी२ या सहा पातळ्यांतली दुसरी. चाळीसेक अर्ज केले. मुलाखत एकच आली, तीही 'जर्मन झालं की परत या' म्हणून दहा मिनिटांत संपली. आता इथल्या एका विद्यापीठात इंग्रजी माध्यमाच्या मास्टर्सला प्रवेश मिळालाय, ऑक्टोबरपासून. नवरा म्हणतो, डिग्री करून टाक, भाषा काय होत राहील. भाषेच्या बाई म्हणतात, डिग्री सोड, आधी सी१ कर, मग जर्मन माध्यमातच शिक. काहीही केलं तरी हातात नोकरी यायला मी ३४ ची होणार. आधी भाषा करू की आधी डिग्री?
— मृ.

प्रिय मृ.,

तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तू जाता जाता लिहून टाकली आहेस: शेवटची दोन वर्षं बिलिंग. तिच्याकडे मी येणारच आहे. आधी तुला दोन बाजूंनी ओढणाऱ्या दोघांचं बघू.

नवऱ्याचं चुकतंय. 'होत राहील' म्हणून कुठली भाषा होत नाही, निदान तिशीनंतर तर नाहीच. इंग्रजी माध्यमाच्या मास्टर्सला आलेली आपली मुलं मी वर्षानुवर्षं बघते आहे. वर्ग इंग्रजीत, प्रोजेक्टचा ग्रुप इंग्रजीत, घरी आलं की रूममेट मराठी नाही तर तेलुगू. दोन वर्षांनी हातात चांगल्या मार्कांची डिग्री असते आणि तोंडात बेकरीपुरतं जर्मन. मग डिग्रीनंतर नोकरी शोधायला मिळणाऱ्या अठरा महिन्यांपैकी पहिले दहा भाषेच्या क्लासात जातात. यात मुलांचा आळस थोडा, विद्यापीठांचा निष्काळजीपणा जास्त. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, म्हणजे तुझ्या राज्यात, २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १५०० यूरो घेतात, पण जर्मनचा क्लास ठेवतात नेमका लॅबच्या वेळेला, आणि त्याचे क्रेडिट बऱ्याचदा डिग्रीत धरत नाहीत. आता कुठे जाग येऊ लागली आहे. भाषा आणि नोकरीची तयारी शिक्षणाच्या काळातच व्हावी, म्हणून डीएएडी ही जर्मन विद्यार्थी-विनिमय संस्था २०२४ पासून विद्यापीठांना खास पैसे देते. तुझ्या विद्यापीठात तसं काही चालू आहे का, ते आंतरराष्ट्रीय कार्यालयात जरूर विचार. पण त्याच्या भरवशावर राहू नकोस.

बाईंचंही चुकतंय, फक्त त्यांची चूक जरा सभ्य आहे. गोएथे इन्स्टिट्यूटच्याच अंदाजाने बी२ ला पोचायला पाऊण तासाच्या ६०० ते ८०० तासिका लागतात, सी१ त्याच्याही पुढे. चार वर्षांचं मूल सांभाळून हे म्हणजे दीड वर्ष तरी धर. एवढा वेळ तू काय वाचशील? पर्यावरण, समाजमाध्यमांचे फायदे-तोटे, शहरात राहावं की खेड्यात. वाईट काही नाही त्यात. पण त्या दीड वर्षात तुझं इंजिनीअरपण आणखी गंजेल, आणि सी१ चं प्रमाणपत्र घेऊन साइटवर गेलीस तरी पहिल्याच मीटिंगमध्ये बावचळशील.

कशी, ते दाखवते. 'आबनेमेन' हे क्रियापद तुला ए२ मध्ये भेटलंय: वजन कमी होणं, फोन उचलणं. त्याचंच नाम 'आबनामे'. बांधकामात आबनामे म्हणजे मालकाने झालेलं काम रीतसर ताब्यात घेणं. त्या कागदावर सही झाली की दोष-दायित्वाची, म्हणजे दोष निघाल्यास कंत्राटदाराने तो निस्तरायची, मुदत सुरू होते. दिवाणी संहितेप्रमाणे इमारतीला पाच वर्षं, आणि कंत्राट 'फाउ-ओ-बे' या बांधकामाच्या ठरीव नियमांवर असेल तर सहसा चार. त्याआधी काम बरोबर आहे हे कंत्राटदाराने सिद्ध करायचं, त्यानंतर ते चूक आहे हे मालकाने. म्हणजे वजन कमी करण्याच्या शब्दावर लाखो यूरोंचं ओझं आहे.

दुसरा शब्द 'बेडेन्केन'. शब्दकोशात अर्थ शंका, हरकत. साइटवर कंत्राटदाराला वाटलं की नकाशात सांगितलंय तसं केलं तर स्लॅबला भेग जाईल, तर त्याने 'बेडेन्केन' लेखी कळवायचे असतात, काम सुरू करण्याआधीच. नाही कळवले आणि भेग गेली, तर दोष त्याच्या गळ्यात. कोणी मीटिंगमध्ये शांतपणे म्हणालं, 'आम्ही बेडेन्केन नोंदवतो', तर ती शंका नसते, नोटीस असते. हे सी१ च्या कुठल्या धड्यात येणार आहे? आणि तुला यातलं समजत नाही असंही नाही. ठेकेदाराचं 'साहेब, आम्ही आधीच लेटर दिलं होतं' तू सहा वर्षं ऐकलं आहेस.

म्हणून माझं म्हणणं असं: डिग्री घे, ऑक्टोबरलाच घे, पण माध्यमाची वाटणी तू स्वतः कर. जे तुला आधीपासून येतं ते जर्मनमधून शिक. जे नवीन आहे ते इंग्रजीतून.

बहुतेक जण उलटं करतात. ओळखीचा विषय इंग्रजीतून घेऊन मार्क मिळवतात आणि जर्मन बिचारं एकटं, विषयाविना, संध्याकाळच्या क्लासात पडून राहतं. तू 'बाउबेट्रीब', म्हणजे बांधकाम व्यवस्थापन, हा विषय जर्मन वर्गात जाऊन घे. तिथे 'आउफमास' म्हणजे काय हे शिक्षक समजावतील तेव्हा तुला फक्त मोजमापाचं पुस्तक आठवायचंय, आपलं एम.बी. 'नाखट्राग' म्हणजे एक्स्ट्रा आयटम. 'बाउटागेबुख' म्हणजे डेली रिपोर्ट, हवामानाच्या रकान्यासकट. 'शालुंग' शटरिंग, 'बेवेरुंग' सळई, 'बेटॉनडेकुंग' म्हणजे सळईवरचं काँक्रीटचं आवरण, ज्याच्यासाठी तू कव्हर ब्लॉक तपासत फिरायचीस ते. आशय डोक्यात पक्का असला की कान फक्त शब्दांवर राहतात. पहिले तीन आठवडे निम्मं डोक्यावरून जाईल. जाऊ दे. सहाव्या आठवड्यात शिक्षकाचं उदाहरण चुकल्याचं तुझ्या लक्षात येईल, आणि तो दिवस तुला कुठल्याही परीक्षेच्या निकालापेक्षा जास्त आठवेल.

ही माझ्या डोक्यातली कल्पना नव्हे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात २००४ पासून सरकारी कॉलेजांमध्ये असं चालतं: एकाच वर्गात दोन शिक्षक, एक वेल्डिंगचा किंवा नर्सिंगचा, दुसरा भाषेचा. आधी इंग्रजी पूर्ण करा मग धंदा शिका, असं स्थलांतरितांना सांगायचंच नाही, हे तिथलं सूत्र. जर्मन विद्यापीठात तुला दोन शिक्षक एका वर्गात मिळण्याची शक्यता फार कमी. तेव्हा तो दुसरा शिक्षक तुलाच व्हावं लागेल.

आता कागदपत्रं. प्रवेश स्वीकारण्याआधी तुझ्या कोर्सचं 'मोडूलहांडबूख', म्हणजे विषयांची माहितीपुस्तिका, उघड, ते विद्यापीठाच्या साइटवर असतं. प्रत्येक विषयाच्या पानावर माध्यमाची भाषा लिहिलेली असते. ऐच्छिक विषयांत जर्मन माध्यमाचे किती आहेत आणि तुला ते घ्यायची मुभा आहे का, बघ. भाषेच्या क्लासचे क्रेडिट डिग्रीत धरतात की नुसते गुणपत्रिकेच्या तळाशी छापतात, हे समन्वयकाला ईमेलने विचार आणि उत्तर जपून ठेव. हा फरक छोटा नाही. एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. सहा क्रेडिटचं जर्मन धरलं गेलं तर तुझ्या १२० क्रेडिटांच्या डिग्रीतले दीडशे ते एकशे ऐंशी तास आपोआप भाषेला मिळतात. नाही धरलं तर तेवढेच तास तुझ्या झोपेतून कापले जातात. तिसरं, प्रबंध बाहेरच्या कंपनीत करू देतात का? या तिन्हीला 'नाही' आलं तर तो कोर्स सोड आणि पुढच्या सत्राला दुसरीकडे अर्ज कर. बाईंचा सल्ला मी अर्धवट मान्य करते तो एवढ्याच बाबतीत.

ऑक्टोबरपर्यंतचे महिने वाया घालवू नकोस. बी१ पूर्ण कर, सकाळचा सघन वर्ग घेऊन, मुलगा किटात असताना. तू कुटुंबाच्या परवान्यावर आहेस, त्यामुळे सरकारी एकात्मता अभ्यासक्रमाला, म्हणजे 'इंटेग्रात्सिओन्सकुर्स'ला, जागा मिळते का, हे आधी परदेशी नागरिक कार्यालयात विचार. त्यात भाषेच्या ६०० तासिका असतात, ए२ झालेल्यांना पुढच्या टप्प्यात बसवतात, आणि तो खासगी क्लासपेक्षा बराच स्वस्त पडतो. त्याच्या पुढचा नोकरीसाठीचा भाषा अभ्यासक्रम मात्र नोकरी करणाऱ्यांसाठी किंवा नोकरी शोधणारे म्हणून नोंद असलेल्यांसाठी असतो, पूर्णवेळ विद्यार्थ्यांसाठी नव्हे. त्याची आशा धरू नकोस.

आणि कृपा करून जर्मन इंग्रजीच्या मार्गाने शिकणं बंद कर. क्लासात बहुतेक सगळे मनात इंग्रजी वाक्य करतात आणि मग त्याचं जर्मन करतात. तू मराठी आहेस, तुला जवळची वाट आहे. जर्मन उपवाक्यात क्रियापद शेवटी का जातं, म्हणून इंग्रज माणूस डोकं धरून बसतो. आपण जन्मभर क्रियापद शेवटीच टाकतोय. 'कारण मी उद्या साइटवर जाते', यात 'जाते' जिथे आहे तिथेच जर्मनमध्ये 'गेहे' येतं. लिंगंही आपल्याला तीन. भिंत ती, खांब तो, छप्पर ते. जर्मनमध्येही डी वांड, डेअर फायलर, डास डाख. एवढं जुळल्यावर हुरळून मात्र जाऊ नकोस, कारण पुढच्याच मिनिटाला ते दार 'डी ट्यूर' निघतं आणि ती खिडकी 'डास फेन्स्टर'. मुद्दा जुळण्याचा नाहीच. भिंत ती का, असं आपण कधी विचारलं नाही, तेव्हा इथेही विचारायचं नाही. तू आणि तुम्ही, डू आणि झी, हेही आपल्या अंगात आहे. फक्त साइटवर मुकादम पहिल्याच दिवशी डू वर आला तर अपमान मानू नकोस, तिथली रीत आहे ती.

मुकादमावरून आठवलं. तू ज्या मुलखात आहेस तिथे पुस्तकातलं जर्मन निम्म्यावरच चालतं. श्वाबेन लोक 'हेबेन' हा शब्द धरण्यासाठी वापरतात. पुस्तकात त्याचा अर्थ उचलणं. माझ्या पहिल्या वर्षी शेजारचे आजोबा गॅलरीतला दिवा बदलायला शिडीच्या दुसऱ्या पायरीवर चढले आणि मला म्हणाले, हेब! मी आज्ञाधारकपणे शिडी उचलली. आजोबा उडी मारून वाचले आणि त्यानंतर ते माझ्याशी हातवाऱ्यांनी बोलत. बांधकामावर हा शब्द दिवसातून पन्नास वेळा येतो, म्हणून आधीच सांगितलं. उचलायला ते 'लुपफेन' म्हणतात.

आता बिलिंग. तू चाळीस अर्ज केलेस ते बहुतेक 'बाउलाइटर'साठी, साइट इंजिनीअरसाठी, असणार. तीच जागा भाषेच्या दृष्टीने सगळ्यात अवघड: दिवसभर फोन, भांडणं, बोलीभाषा, आणि प्रत्येक वाक्याला कायदेशीर शेपूट. इथल्या कंपन्यांत 'आबरेश्नुंग' नावाचा विभाग असतो. मोजमापं, बिलं, एक्स्ट्रा आयटमचे कागद. तुझं जुनं कामच. तिथे आकडे बोलतात, शब्द ठरावीक असतात, रोज तेच येतात, आणि जास्त व्यवहार लेखी असतो, म्हणजे शब्दकोश उघडायला वेळ मिळतो. दुसऱ्या सत्रापासून तिथे 'वेर्कश्टुडेन्ट', म्हणजे शिकता शिकता काम करणारी विद्यार्थिनी, म्हणून अर्ज कर, आठवड्याला पंधरा-वीस तास. विद्यार्थिनीकडून लोक बी१ सुद्धा चालवून घेतात, जे पूर्ण पगाराच्या इंजिनीअरकडून घेत नाहीत. इंग्रजी माध्यमाची डिग्री करण्याचं खरं कारण मला विचारशील तर हेच: ती तुला दोन वर्षं 'शिकणारी' म्हणून दारातून आत जायला देते. प्रबंधही त्याच कंपनीत कर. लिही इंग्रजीत, पण सारांश जर्मनमध्ये दे आणि शेवटचं सादरीकरण जर्मनमध्ये करू द्या म्हणून मार्गदर्शकांकडे हट्ट धर. ते कौतुकाने हो म्हणण्याचीच शक्यता जास्त.

त्या दहा मिनिटांच्या मुलाखतीबद्दल एवढंच सांगते. जाहिरातीतलं 'बी२' म्हणजे प्रमाणपत्र असेलच असं नाही. समोरच्याला बघायचं असतं की ही उपठेकेदाराचा फोन घेईल का, आलेलं पत्र समजून वर कळवेल का, मीटिंगचं टिपण लिहील का. तुझ्या सगळ्यात अवघड प्रोजेक्टवर जर्मनमध्ये दहा वाक्यं तयार ठेव: काय बांधलं, किती मजले, काय बिघडलं, तू काय केलंस. पाठ कर, अगदी शाळेतल्या भाषणासारखी. मुलाखतीत पहिला प्रश्न जवळजवळ हाच असतो, आणि पहिली दोन मिनिटं न अडखळता गेली की पुढच्या चुका माफ होतात.

समोरचा इंग्रजीवर आला तर एक वाक्य तोंडात असू दे: 'क्योनेन वीअर बिटे आउफ डॉइच ब्लाइबेन?' जर्मनमध्येच राहू या का. हे म्हणायला लाज वाटते, मला माहीत आहे. वर्षभर मीही म्हटलं नव्हतं. समोरचा इंग्रजीवर येतो तो बहुतेकदा मदत म्हणून, आणि त्याला थांबवलं तर तो खूशच होतो. मुलाने डेअर-डी-डास सुधारलं की मात्र ऐकून घे, रागावू नकोस. त्याच्यासारखा फुकटचा शिक्षक विद्यापीठात नाही.

चौतिशीचं म्हणशील, तर तू काहीही केलंस किंवा काहीच केलं नाहीस तरी ३४ ची होणारच आहेस.

सोमवारी दोन ईमेल टाक. एक कोर्सच्या समन्वयकाला, क्रेडिटबद्दल. दुसरा भाषा केंद्राला: ऑक्टोबरमध्ये बी२ चा वर्ग कोणत्या वारी, किती वाजता, आणि पातळी चाचणी कधी. त्या चाचणीच्या जागा सत्र सुरू व्हायच्या आधीच भरतात.

तुझी,
ताई

ता. क. परवाना बदलून विद्यार्थी परवाना घेण्याच्या फंदात पडू नकोस. तुझ्या कार्डावर 'एर्वेर्ब्सटेटिशकाइट एरलाउब्ट' असं छापलेलं असेल, म्हणजे कामाला मुभा. या परवान्यावर शिकताही येतं, आणि विद्यार्थी परवान्यावरची वर्षाला १४० पूर्ण दिवसांची मर्यादा तुला लागत नाही. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा मात्र वेर्कश्टुडेन्टच्या सामाजिक विम्यासाठी असते, ती तुलाही आहे. आरोग्य विम्याचं आधी विचारून घे: विद्यार्थ्यांचा स्वस्त हप्ता वयाच्या तिशीपर्यंतच मिळतो, आणि नवऱ्याच्या सरकारी विम्यात तू फुकट राहतेस ती ठरावीक कमाईपर्यंतच. नोकरीचा करार सही करण्याआधी विमा कंपनीला फोन कर. जर्मनमध्ये.